वरून पाणी

हॅम्बुर्गहून पाकीट आलं, कस्टमची पट्टी डकवलेलं.
पोस्टमन म्हणाला, "दादा, पुन्हा बिल्ले?"
बिल्ला नव्हे. क्रूस.
अठरा वर्षांच्या पोलीस नोकरीचा.
आठ वर्षांचं गोल पदक आहे माझ्याकडे,
पंचविसाचा सोनेरी अजून झेपत नाही.

रिबीन निळी. गव्हात उगवतं म्हणे तिकडे
तसल्या एका फुलाची.
तिच्यावर भरतकामाचा गरुड,
एका पंखाचा टाका उसवलेला.
शिवला नाही. या नादात दुरुस्ती चालत नाही,
चिंच लावून घासणं तर नाहीच.
काळेपणालाच किंमत असते.

तरी सराफ्यात नेला,
दुकानं मिटून चाट-गराडूचे तवे लागायच्या आधी.
घीसालाल सोनींनी भिंग डोळ्याला लावलं,
मधलं चिन्ह पाहिलं
आणि क्रूस अलगद कपाळाला टेकवला.
"शुभ आहे, भिया. पण सातिया तिरका का बसवला?"
त्यांच्या गल्ल्यावर कुंकवाचा होता,
सरळ, चार ठिपक्यांचा.
मी म्हटलं, तिकडच्या सोनाराचा हात.
याहून जास्त बोलवलं नाही.
"आणि चांदी नाही हं ही. वरून पाणी."

मागे कोरलंय: पोलिसातील निष्ठावंत सेवेसाठी.
नाव नाही.
म्हणजे कुणीही. चौकात शिट्टी फुंकणारा,
सायकलचोर धरणारा,
किंवा पहाटे यादी घेऊन जिना चढणारा,
दारावर थाप मारणारा. वेळेवर.
अठरा वर्षं, एकही शेरा नाही.

आमचे आप्पा, तुळाजी वाघमोडे, हवालदार,
आठ वर्षं होळकरांच्या पोलिसात.
मग संस्थान विलीन झालं
आणि त्यांचं सर्व्हिस बुक कुठल्याशा दफ्तरात
दुसऱ्याच तुळाजीच्या फायलीला बांधलं गेलं.
ती आठ वर्षं पेन्शनीत कधी आलीच नाहीत.
आई चिडायची. आप्पा हसायचे:
"सरकार विसरलं, बरंच झालं की."

एका संध्याकाळी हसले नाहीत.
कुठेतरी काठ्या चालल्या होत्या; मी सात वर्षांचा.
ते मागल्या दारी नळाखाली बूट धूत बसले.
बूट स्वच्छ झाले.
तरी धूत बसले.
आईनं दोनदा पान वाढल्याचं सांगितलं.
मी विचारलं नाही. त्या दिवशी नाही,
पुढे तीस वर्षं ते समोर होते, तेव्हाही नाही.

लोक विचारतात, जर्मनच का?
म्हणतो, स्वस्त पडतात.

रात्री खण उघडतो. क्रूस पालथा घालतो,
चिन्ह खाली, अक्षरं वर.
मग अक्षरं खाली.
कुठली बाजू वर ठेवावी, अजून ठरत नाही.
मग मोरीत जातो.
सून दारातून विचारते,
"बाबा, किती वेळ हात धुताय?"
जस्ताचा वास, म्हणतो. लवकर जात नाही.