साठा-नोंद

दुकान विकायचं ठरलं, तेव्हा माळ्यावर चढलो.
वर पत्रा. खाली नवी पेठ. मधे मे महिना,
सोलापूरचा मे,
म्हणजे अकरालाच शिडीची दांडी हाताला चावते.

खोक्यांत शाईच्या बाटल्या.
वहीत रकाने आखले: नग, रंग, किंमत.
नग मोजून झाले. रंगापाशी अडलो.

लेबलावर निळी. आत
जांभळाच्या बीसारखं काहीतरी,
उजेडाला धरलं तर गुलाबी कडा,
जणू निळ्यातला निळा आधी उठून गेला
आणि मागे राहिलेल्याला सांगायचं विसरला.
हिरव्या दोन डझन. एकही हिरवी नाही.
शेवाळी, हळदी, एक तर थेट करडईच्या तेलासारखी.
काळी तेवढी काळीच, तळाशी गाळ धरून,
हलवली की आत मुंगीएवढी वादळं.
सील एकाचंही तुटलेलं नाही.
कुणी हात लावला नाही, कुणी एक ओळ लिहिली नाही,
तरी झालं हे.

रंगाच्या रकान्यात आता काय भरू,
लेबल म्हणतं ते, की डोळा म्हणतो ते?

खाली नरसय्या कुरापाटी चहाला आलेला.
चाळीस वर्षं चादरीचं सूत रंगवलंय त्यानं,
नखांच्या मुळाशी अजून निळसर.
खिशातून पांढऱ्या सुताचा तुकडा काढला, बुडवला,
दोन बोटांत पिळला, वास घेतला.
"रंग एकटं कधी नसतंय, शेठ.
दोघंतिघं धरून आणलेलं असतंय, एका भांड्यात कोंबलेलं.
ऊन लागलं की ज्याचं घर लांब, ते आधी निघतंय."
पुढचं तेलुगूत पुटपुटला,
सूत मनगटाला गुंडाळलं
आणि बशीतला चहा फुंकत बसला.

शेवटचं खोकं सुतळीनं बांधलेलं.
वर माझ्या वडिलांचं अक्षर:
येमूल, टाइमकीपर. लाल. १२. पैसे आले.
न्यायला कुणी आलं नाही.
त्याच आठवड्यात गिरणीचा भोंगा वाजायचा थांबला होता,
गावातली घड्याळं काही दिवस एकमेकांना वेळ विचारत होती.

पत्ता लागायला तीन दिवस गेले.
लेक आली, चंद्रकला, अशोक चौकातून, रिक्षानं.
"लवकर सोडा हं, आज आमच्याकडं नळाला पाणी आहे,
पाचव्या दिवशी येतंय."
झाकण हटेना. नरसय्यानं टॉवेलच्या टोकात धरून फिरवलं.

एवढ्या लाल शाईचं काय करायचे ते? मी विचारलं.
"लेट," ती म्हणाली.
"भोंग्यानंतर पाच मिनिटं झाली की फुली.
अर्धा दिवस गेला.
आमच्या आईच्या नावापुढंही मारली होती, दोनदा.
दोन्ही रात्री घरात फक्त भांडी बोलली."

लाल आता विडीच्या तंबाखूची झालेली.
तिनं काडीवर थोडी घेतली
आणि जुन्या बिलाच्या पाठीवर एक फुली ओढली.
ओली होती तोवर तांबूस.
वाळत गेली तशी फिकी, आणखी फिकी,
मग जवळजवळ कागदच.
"बघा की ओ," ती हसली,
"शेवटी माफ केलं म्हणायचं."
थोड्या वेळानं म्हणाली, पण आता आहे कोण त्यातलं.

बारा नेल्या नाहीत. एक नेली,
पैसे भरलेत ना, असं दोनदा विचारून.

रकान्यात लिहिलं: लाल, अकरा.
खोडलं नाही. पुढे 'होती' एवढं जोडलं,
बॉलपेननं. दुसरं काही चालेना.
किंमत अजून कोरी आहे.

नरसय्या निघाला. उन्हात उतरला
तेव्हा त्याच्या मनगटावरचं सूत
मला पुन्हा निळं दिसलं.
घामानं असेल.