पत्रकात नसलेला थांबा

पहिल्या दिवशी भूकंप दाखवायचा असतो.
अँटिग्वाच्या दगडी गल्ल्यांतून सात माणसं, चौदा बूट,
पुढे मी, मिटलेली छत्री उंच धरून.
छप्पर नसलेल्या चर्चमध्ये उभं करून सांगते:
सतराशे त्र्याहत्तर, जुलै महिना, घुमट असा खाली बसला.
ते माना वर करतात,
कमानीत मावेल तेवढ्या आभाळाचा फोटो काढतात.
विटा कुणाच्या पाठीवरून आल्या, हे पत्रकात नाही.
मीही विषय काढत नाही; साडेबाराला जेवण.

डॉन रोमुलो म्हणतो, तळ्याकडे जाताना
तुझं ते निळं हुइपिल घालत जा,
पाहुण्यांना बरं वाटतं.
म्हणून पेट्रोल पंपाच्या संडासात
जीन्स उतरवून, एका पायावर तोल सांभाळत,
मी आईनं चार महिने कंबरेला माग बांधून
विणलेली मुलगी होते.
बाहेर येते तर कालचेच सात जण
आत्ताच ओळख झाल्यासारखे हसतात.

सोलोलाच्या उतारावर एक वळण संपतं
आणि खाली सगळं पाणी.
इथे मी बोलत नाही. कुणी शिकवलं नाही हे.
ड्रायव्हरही हॉर्न वाजवत नाही.

ओदिलबाई, गेंटच्या, गुडघ्यावर वही:
"तुमच्या भाषेत या तळ्याचं नाव काय?"
चोय.
"म्हणजे?"
म्हणजे तळं.
त्या लिहितात, थांबतात, पेन्सिल चावतात.
एकच आहे हो आम्हाला. नाव कशाला ठेवायचं?
नावं ठेवायला बाहेरून माणसं येतातच.

लेंचो पेत्सेयची लाँच, दुपारचा वारा सुटायच्या आत.
शोकोमील पापं उडवून नेतो म्हणतात.
पापांचं माहीत नाही,
मागच्या महिन्यात तीन टोप्या नेल्या, एक कवळी.

मग किनाऱ्याजवळ ती वाळकी खोडं,
पाण्यातून छातीएवढी वर आलेली, एकावर पाणकावळा
पंख वाळत घालून.
"किती सुंदर," कुणीतरी म्हणतंच.
लेंचो इंजिन बंद करतो. वल्हं उचलतो.
"पेट्रोल संपलं का?"
नाही, मी म्हणते, इथे मासे बिचकतात.

मासे नाहीत.
खाली मामाचा कांदा आहे.
वादळाच्या वर्षी तळं चढत आलं,
रोज एक बोट, कुणावर न रागावता.
आई म्हणते, उसनं दिलेलं होतं, मागायला आलं.
मामाला हे पटत नाही. तो अजून
वरच्या रस्त्यावरून लाँचवाल्यांना ओरडतो:
माझ्या वाफ्यांवरून इंजिन नको!
आणि सगळे लाँचवाले, त्याचे उधारीचे वैरीसुद्धा,
इथे वल्हं मारतात.

ओदिलबाई वाकून बघतायत.
पाण्यात त्यांचीच टोपी, माझीच निळी बाही.
"किती खोल असेल?"
मीटर मला पाठ आहेत.
पाच वाफे, तोंडून गेलं,
आणि सहाव्यावर एक झारी राहिलीय.

त्यांनी वही उघडली नाही.
लेंचोनं दोरी ओढली, इंजिन खोकलं,
मी उभी राहिले, छत्री वर केली:
आता डाव्या हाताला सांतियागो,
तिथे खरेदीला चाळीस मिनिटं.