आभार मानायचे नाहीत

चाव्या हातात देताना अग्निया ल्वोव्हना म्हणाली,
व्हायोलेटला वरून पाणी घालू नकोस,
पानावर थेंब पडला की डाग राहतो, जन्माचा.
बशीत ओत. पंधरा मिनिटं थांब. उरलेलं फेकून दे.
जिरेनियम तहानलेलंच बरं, त्याला लाड सोसत नाहीत.
आणि हा डिसेंबरवाला,
कळ्या धरल्या की याला जागचा हलवायचा नाही.
रुसतो. सगळ्या कळ्या टाकून मोकळा होतो.

एकतीस वर्षं मी मूर्मान्स्कच्या बंदरात क्रेन चालवली.
वीस वीस टनांची पेटी
जहाजावर अंड्यासारखी टेकवली,
आणि ही बाई मला
एका बशीचं गणित शिकवत होती.
मी मान डोलावली.
ती लेकीकडे गेली, वरोनेझला,
गुडघा बदलून घ्यायला.

डिसेंबर लागला तसा सूर्य रजेवर गेला,
चाळीस दिवसांच्या, दरवर्षीप्रमाणे.
पण तिच्या खिडकीत जांभळट दिवा होता, घड्याळाला जोडलेला.
आठ वाजता टक्. सकाळ.
दहा वाजता टक्. रात्र.
आख्ख्या इमारतीत तेवढ्या एकाच फळीवर
वेळेवर उजाडायचं.
पाणी घालून निघायचं ते मी बसू लागलो,
चहाचा ग्लास घेऊन.
खालून रेडिएटर भाजतोय,
काचेतून थंडी बोट घालून बघतेय,
आणि मधल्या वीतभर जागेत
अकरा कुंड्यांचा संसार.
कांद्याची पात बरणीतून वर आलेली,
बी पेरून उगवलेलं लिंबू,
ज्याला लिंबू कधी धरलं नाही
आणि ज्याला तिने त्याबद्दल कधी विचारलं नाही.

कोरफडीला ती शंभरवर्षी म्हणायची.
माझ्या हातून ती दीड महिन्यात संपली.
दुष्टावा नव्हता. रोज पाणी घातलं, इतकंच.
एकटी दिसायची कोपऱ्यात. वाटलं, विचारपूस करावी.
बुडाशी मऊ पडली, मग वास.
उपटली तर मूळ म्हणून हातात
चहातल्या भिजल्या पावासारखं काहीतरी.

आमच्याकडे म्हणतात, चोरलेली फांदी बरी रुजते.
टपाल कचेरीच्या खिडकीत एक दांडगी कोरफड आहे,
भोवती पिल्लांची गर्दी.
पेन्शनच्या रांगेत उभा राहिलो.
माझा नंबर आला तेव्हा काउंटरवरच्या झिनाइदाने
माझ्याकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं,
आणि शिक्का शोधायला खाली वाकली.
बराच वेळ वाकून राहिली.
शिक्का तर तिच्या समोरच होता.

हातमोज्यात घालून आणलं पिल्लू,
उणे एकोणीसमधून,
अंगठ्याएवढं.
दोन दिवस जखम सुकू दिली. मग वाळूत.
आणि मग जे मला आयुष्यात कधी जमलं नव्हतं ते केलं:
काहीच केलं नाही. तीन आठवडे.

मार्चमध्ये ती काठी टेकत आली.
कुंड्या मोजल्या. पुन्हा मोजल्या.
शंभरवर्षीपाशी थांबली.
"बुटकी झाली," म्हणाली.
"हिवाळा कडक होता," मी म्हणालो.
तिने मातीत बोट खुपसलं, दुसऱ्या पेरापर्यंत,
कोरडी लागली,
आणि पुढे एक शब्द बोलली नाही.

निघताना बेगोनियाची फांदी काडकन मोडून
माझ्या मुठीत दिली.
मी तोंड उघडलं.
"गप," ती म्हणाली,
"झाडाचे आभार मानले तर ते रुजत नाही."

आता माझ्या खिडकीत मेयोनीजची बरणी आहे.
दर तिसऱ्या दिवशी पाणी बदलतो.
काल देठाला पांढरा दोरा फुटला, अर्ध्या नखाएवढा.
जिन्यात ती भेटली. पाय कसा आहे, विचारलं.
ती म्हणाली, वाकतोय.
एवढंच बोललो.
ओठ घट्ट मिटून वर आलो,
आतला शब्द सांडू नये म्हणून
रेलिंग धरून, हळूहळू.