आवराआवर

केमी बंदर, रात्रीचे दोन.
तुइरे मशीनला विचारते : कोण कोण नको?
यादी येते, एकशे बारा नावांची,
ज्यांना आता कुणी हाक मारत नाही.

विकून टाकलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर.
तीन जुने कर्नल, लढाया केव्हाच संपलेल्या.
फिनिश शुद्धलेखन तपासणारं काहीतरी,
वेइयोने बसवलेलं. निवृत्त होईतो त्याला
एक ओळ धड लिहिता आली नाही.

ती 'हो' म्हणते. भराभर पुसलं जातं.

मग वेइयोनेच हाताने बांधलेला
बर्फफोड्या जहाजांचा तक्ता उघडेना :
लायब्ररी सापडत नाही म्हणतो,
नावानिशी, आवृत्तीनिशी.

म्हणजे हाक मारणारं होतं कुणीतरी,
यादीला ऐकू न येणारं.

तुइरे कॉफी ओतते.
तेवढी एकच परत बसवते,
आणि, का कोण जाणे, शुद्धलेखनही.