सावलीतलं तापमान

बेचाळीस, म्हणाले माईकवर.
पण तो आकडा सावलीतला.
एक्क्याण्णव किलोमीटरच्या नकाशावर
सावली मी आदल्या रात्री बोटानं मोजली होती:
एक पूल, दोन चिंचा,
आणि धारूरच्या अलीकडं बंद पडलेली एक जिनिंग.

नंबर एकशे सतरा. दैवशाला घोळवे.
वय एकेचाळीस, धंदा लोकांचं रक्त काढणं.
अंबाजोगाईच्या दवाखान्यात दिवसाला साठ सुया.
शीर शोधायची सवय आहे,
म्हणून मुरमातही वाटेची शीर सापडते मला,
जिथं टायर घसरत नाही
अशी चार बोटं रुंद जागा.

सुटलो तेव्हा गार होतं,
उसनं आणलेलं गार, आठच्या आत परत करायचं.
पुण्याची पोरं भुर्रकन पुढं.
त्यांच्या सायकली माझ्या स्कूटीपेक्षा महाग,
टायरचा आवाज असा की कुणी नवं कापड फाडतंय.
मी मागं,
पुढचा लहान दात, मागचा मोठा,
जात्यावर बसल्यासारखी.

साडेदहाला ऊन वरून आलंच नाही.
ते खालून आलं.
खडीतून, ग्रिपमधून, बाटलीतल्या पाण्यातून,
ज्यात आता पत्ती टाकली असती तर चहा झाला असता.
सिताफळीच्या नुसत्या काड्या दोन्ही अंगाला.
एका दगडावर सरडा
पाय बदलून बदलून उभा.

बाहीवर मिठाची नक्षी उमटली.
सोडियम उतरलं, मी म्हटलं,
फार उतरलं की पेशंट घरच्यांची नावं विसरतो.
म्हणून पेडलागणिक नावं घेत गेले:
अयोध्यामावशी. शिवकांता.
लॅबमधले खाजामियाँ.
धाकटी, प्राजू.
थोरला...

थोरल्याचं नाव आलं नाही.

उतरले. सायकल आडवी टाकली.
शेळ्यांमागची एक पोरगी येऊन उभी राहिली,
डोक्यावर ओला टॉवेल, हातात आकडी.
“कुणाला गाठायलीस?”
“पुढं गेलेल्यांना.”
“ते तर कवाच गेले की.”
मग जरा जवळ येऊन, वास घेत,
“खिशात कांदा हाय का तुझ्या?”

होता. आईनं कोंबलेला, झळ लागू नये म्हणून.
पोरीनं तो दगडावर ठेवून बुक्कीनं फोडला,
अर्धा तिला, अर्धा मला.
मीठ माझ्या दंडावर होतंच.
वर तिच्या कॅनमधलं पाणी, रॉकेलचा वास असलेलं,
गटागटा.
उठता उठता नाव आलं. अमरदीप.
मोठ्यानं म्हटलं.
शेळ्यांनी माना वर केल्या.

आता पुढचं सांगते, जे कुणी विचारत नाही.
दुसऱ्या चिंचेखाली निळ्या जर्सीचा पोरगा बसला होता,
पोटरी धरून, ओठ पांढरे.
घाम थांबला होता त्याचा.
घाम थांबणं म्हणजे काय ते मला
त्या रस्त्यावरच्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत.
“पुढच्या टेबलावर सांगते,” मी म्हटलं,
आणि ब्रेकवर बोट ठेवलं नाही.
सांगितलं. नऊ किलोमीटरनंतर.
त्या नऊ किलोमीटरमध्ये
मी चार जण मागं टाकले.

बायकांत दुसरी आले.
एक तांबडी ट्रॉफी, नारळ, फेटा.
फेटा डोक्यावर ठेवायला झाला नाही.

संध्याकाळी वॉर्डात तो होता.
जीभ कोरडी, पण नाव-गाव नीट सांगत होता.
सिस्टरला शीर मिळेना, सुकलेल्या शिरा दडून बसतात.
मी गेले. एका टोचण्यात लागली.
“थँक्यू मॅडम,” डोळे मिटूनच म्हणाला तो.

पाठीवरचा नंबर काढायचा राहिला होता.
त्यानं डोळे उघडले तसं
मी मागं सरकून भिंतीला पाठ लावली.
दिवसभराची तापलेली भिंत.
सलाईन संपेपर्यंत
तशीच उभी राहिले.