कोरडं फडकं

मुजीबोद्दीन सरांची झेन ताब्यात घेतली तेव्हा दिवेलागण झालेली.
औसा रोडच्या खांबाखाली ती नुसती काळी दिसली,
तेल पुसलेल्या तव्यासारखी.
सकाळी ऊन चढलं आणि बोनेटवर जाळं उगवलं.
बारीक. गोल गोल.
मी डावीकडे सरकलो, भोवरा डावीकडे आला,
उजवीकडे गेलो, तर माझ्याआधी तिथे हजर.

गोल असं काही नसतंच, हे नंतर कळलं.
हजारो सरळ ओरखडे असतात, दिशा नसलेले,
त्यातले उजेडाला आडवे जातात
तेवढेच दिसतात.

सर चौदा वर्षं शाळेला निघण्याआधी
गाडी पुसायचे. कोरड्या फडक्यानं.
“गल्लीत घागरींची रांग लागलेली,
अन् मी गाडी धुवू?
शरम वाटती ना, बाबा.”
फडकं मऊ होतं, त्यांच्याच जुन्या बनियनचं.
पण आपली धूळ मऊ नाही.
तिच्यात डाळमिलचा कोंडा, रस्त्याची खडी,
आणि काळी माती, जी वाळली की दातांत कचकचते.

रविवारी मी दोन बादल्या भरल्या.
एक शाम्पूची, एक हातमोजा खंगाळायची.
“नळ आठव्या दिवशी येतो,” महानंदा दारातून म्हणाली,
“अन् दोन बादल्या गाडीला? काय करलालाव तुमी?”
मी खालमानेनं रबराच्या कडांना चिकटपट्टी लावत बसलो.

मशीन भाच्याचं, फर्निचरच्या दुकानातलं.
पॅडवर मलमाचे चार ठिपके, वाटाण्याएवढे.
दोन फूट लांब, दोन फूट रुंद, त्यापलीकडे जायचं नाही.
आधी उभं, मग आडवं.
दाबायचं नाही. मशीनच्या वजनाएवढंच वजन.
पत्रा तापला तर थांबायचं,
हात ठेवून बघायचं, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

ओरखडा भरून येत नाही.
हे कुणी आधी सांगत नाही.
त्याच्या आजूबाजूचं सगळं
त्याच्या तळापर्यंत खाली आणावं लागतं.
रंगावरचं पारदर्शक कातडं, कागदाहून पातळ,
त्यातलं थोडं द्यायचं
आणि नितळपणा घ्यायचा.
नख फिरवून बघ. अडकलं,
तर तो ओरखडा आपल्या हातचा नाही, त्याला सोड.
दाराच्या मुठीखाली असे तीन निघाले, किल्लीचे.
सोडले.

मी धर्मकाट्यावर असतो. भरलेला वजा रिकामा,
दिवसभर हीच वजाबाकी लिहितो.
संध्याकाळपर्यंत घासून जे निघालं
ते पॅडवर करड्या साईएवढं होतं.
काट्यावर नेली असती तर गाडी तेवढीच भरली असती.
आमचा काटा दहा किलोच्या खालचं
काही मानतच नाही.

टॉर्च मारली.
पत्र्यात एकच ठिपका, स्वच्छ, एकटा,
भोवती काही नाही.
त्यात लिंबाची फांदी उतरली होती, पान न् पान,
आणि महानंदा, हातात रिकामी बादली,
स्वतःकडे बघून पदर नीट करताना.

सोमवारी सर आले, आरसीच्या कागदावर सही राहिली होती.
“नवी घेतली का?” म्हणाले.
मग नंबर वाचला. मोठ्यानं. एकेक आकडा,
हजेरी घेतल्यासारखा.
चष्मा काढला, पुन्हा घातला.
बोनेटवर रात्रीतून धूळ बसलीच होती,
पाहुणी विचारून थोडीच येते.
सरांचा हात खिशात गेला.
रुमाल निघाला, चार घड्यांचा, कोरडा.

“सर…” एवढं माझ्या तोंडून गेलं.
त्यांनी ऐकलं नाही, किंवा होकार समजले.
डावीकडून उजवीकडे, मोठा अर्धगोल,
फळा पुसावा तसा,
मग छोटे छोटे,
आणि तो आवाज, सुक्या कापडाखाली
माती सरकल्याचा.

महानंदानं चहा आणला.
ऊन बोनेटवर यायला अजून अर्धा तास होता.
मी सरांना खुर्ची दिली, गाडीकडे तोंड करून.
टॉर्च खिशात होती,
खिशातच राहू दिली.