पोस्ट बॉक्स १८४७

रुवीत दारावर पत्र येत नाही.
अकरा वर्षांत पाच बिऱ्हाडं बदलली मी,
पोस्टाच्या भिंतीतला खण तोच,
किल्लीही तीच, जरा वाकडी.

आज ग्रंथालयाचं जुनं सॉफ्टवेअर बंद होणार.
एकोणतीस हजार प्रबंध नव्या घरी गेले.
उरलेसुरले मी आणि खलफान जुळवतोय:
जुना क्रमांक, नवी जागा.

सहा हजार सातशे चार.
निझव्याचे फलज, डोंगरातून आणलेले पाट.
लिहिणारी बाई आता नाही.
तिचा पत्ता मात्र कुणाच्या तळटीपेत छापलाय,
तो कसा खोडणार?

टिचकी मारली.
पान सापडले नाही.
खलफान म्हणाला, एक शून्य राहिलंय.
घातलं.

उघडलं. आत अर्पणपत्रिका:
गावाची पाणीपाळी सांभाळणाऱ्या बाबांना.